पूर्वीची घरमालकीण

डेपोचं वसतिगृह
१२ जून

ती. आईंना,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं बोलणं अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने भरून घेता. परवा मी सांगितलं की घर मिळत नाही, आणि तुम्ही शेजारच्या काकूंना पेढ्यासारखी बातमी वाटलीत की सूनबाईंना घर मिळालं. तुमच्या चिरंजीवांनी कळवलं. म्हणून आता सगळं लेखी. आई, घर मिळालेलं नाही.

बाकी मी मजेत आहे. इथली बस आपल्याकडच्यापेक्षा लांब, मधोमध दुमडणारी. पहिल्या आठवड्यात प्रत्येक वळणावर माझा जीव मुठीत असायचा आणि प्रवाशांचाही. आता मागे बसून लोक पेंगतात, म्हणजे जमलं म्हणायचं. खोलीत आम्ही तिघी ड्रायव्हर. एक घोरते, एक झोपेत गाते, आणि मी दोघींच्या मध्ये.

घराचं त्रांगडं असं आहे. खोल्या पसंत पडतात, मालकही गोड बोलतात, आणि शेवटी एकच विचारतात: पूर्वीच्या घरमालकाचं पत्र आहे का? इथे घर सोडताना भाडेकरू मालकाकडून आपल्या वागणुकीचं पत्र घेतो आणि ते दाखवून पुढचं घर मिळवतो. मी जन्मात कधी भाड्याने राहिले नाही. माहेरून निघाले ती थेट तुमच्या उंबऱ्यात. म्हणजे लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तसली गत.

घाई का, ते पुन्हा लिहिते, कारण फोनवर तेही तुम्ही गाळलंत. ह्यांना आणि ठमीला या देशात आणायचं तर सरकारला माझ्या नावाचा भाडेकरार दाखवायला हवा, आणि त्या घरात मुलीला वेगळी खोली हवी. सप्टेंबर संपायच्या आत करार दाखल झाला नाही तर त्यांच्या परवानगीचा अर्ज रद्द. मग पुन्हा पहिल्यापासून सगळं, आणि ठमीचं आणखी एक वर्ष आईवाचून.

गुडघ्याला तेल लावत जा. लावलं असं फोनवर नुसतं सांगू नका.

लोभ आहे तेवढा राहू द्या, वाढला तर घर मिळायला उपयोगी पडेल.

तुमची,
सून


घर
२९ जून

चि. सौ. ड्रायव्हरीणबाईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर पूर्वीसारखंच, मुंग्या शाईतून चालल्यासारखं. चष्मा पुसून दोनदा वाचलं.

हा कुठला न्याय? माणूस समोर उभं आहे, कमावतंय, हातीपायी धड आहे, आणि यांना त्याच्याबद्दल तिसऱ्याचं पत्र पाहिजे! मला कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून घेतलं तेव्हा साहेबाने एक सदरा पुढे टाकला आणि चूक शोध म्हणाला. मी बाहीतला उसवलेला टाका दाखवला, नोकरी मिळाली. तूही एखाद्या मालकाला बसमध्ये बसवून एक चक्कर मार.

इथे सगळं बरं आहे. तुझा नवरा दिवसभर लोकांची शिवणयंत्रं दुरुस्त करतो, पण त्याच्या स्वतःच्या सदऱ्याला बटण नाही. भाजी तो करपवतो आणि खरपूस झाली म्हणतो. ठमीचा पुढचा दात पडला. तो तिने तुला दाखवायला डबीत ठेवला आहे, मला हात लावू देत नाही.

एक लिहायचं नव्हतं, पण लिहिते. ठमी शाळेतून येताना स्टॉपवर थांबते आणि येईल त्या बसच्या ड्रायव्हरकडे बघते. मी हाक मारली की येते. तेव्हा घर लवकर बघ.

माझी काळजी नको. मला कुणी बोलावलेलं नाही आणि मी कुठे येतही नाही.

तेल लावते आहे. आशीर्वाद आहेतच, ते वेगळे मागायला लागत नाहीत.

सासूबाई


डेपोचं वसतिगृह
२५ जुलै

ती. आईंना,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

घर सापडलं! मिळालं म्हणत नाही, सापडलं म्हणते. काकूंना अजून सांगू नका.

डेपोच्या फाटकासमोर दुमजली घर आहे. खाली मालकीण राहते, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. लहान खोलीच्या खिडकीतून बस बाहेर पडताना दिसतात. ती ठमीची, हे मी पायरी चढतानाच ठरवून टाकलं. ओटा बुटका आहे, तुमच्या चिरंजीवांना वाकावं लागेल. वाकू देत.

मालकीण म्हणजे निवृत्त दाई. अर्धं गाव आपल्या हातावर जन्मलं असं सांगते आणि कुणाला घाबरत नाही. हातात काठी. बोलताना काठीने भिंत ठोकून बघते, जणू भिंत खोटं बोलेल. तिने तोच प्रश्न विचारला. मी तेच उत्तर दिलं, की लग्नाला आठ वर्षं झाली, पण कधी भाड्याने राहिले नाही. यावर बाकीचे हळहळून दार लावून घ्यायचे. हिने विचारलं, मग आठ वर्षं झाडावर राहत होतीस का? मी म्हटलं, सासरी. ते घर कुणाच्या नावावर? मी म्हटलं, सासूबाईंच्या. मग ती तुझी पूर्वीची घरमालकीण, तिचं पत्र आण, असं म्हणून तिने काठी आपटली. मी हसले. ती हसली नाही.

तर आई, अशी गंमत आहे. पत्र तुम्ही मराठीत लिहायचं, लिफाफा चिकटवायचा. तो इथे दुभाषी तिच्यासमोर फोडणार आणि वाचून दाखवणार. मी आधी वाचलेलं चालणार नाही. ऑगस्ट संपेपर्यंत ती घर दुसऱ्याला दाखवणार नाही, तेवढा शब्द तिने दिला आहे.

हसून झालं आणि मग आठवलं. आठ वर्षांत तुम्ही माझ्या एका पोळीलाही बरी म्हटलेलं नाही. फार तर आज कडा कच्च्या नाहीत, एवढंच. मला तक्रार करायची नाही. पण ठमीची खोली आता तुमच्या हातात आहे. थोडक्यात लिहा, आणि जमलं तर चांगलं लिहा.

लोभ होता की नव्हता ते आता कळेलच, तरी असू द्यावा.

तुमची,
सून


घर
१० ऑगस्ट

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

सोबत चिकटवलेला लिफाफा आहे. फोडलास तर मला कळेल. मी कडेला टाका घातला आहे.

तुझ्या नवऱ्याने मला मजकूर सांगायला सुरुवात केली: आमची सून अत्यंत मनमिळाऊ, शांत, समंजस. मी त्याला म्हटलं, तू कुणाबद्दल बोलतो आहेस? ते सगळं फाडलं आणि त्याला बाहेर पाठवून एकटीने लिहिलं.

परत आला तेव्हा दारात घुटमळत म्हणाला, आई, हे पत्र गेलं की काय होणार ते कळतंय ना तुला? मी म्हटलं, मला लिहिता येतं तसं वाचताही येतं. आणि त्याला बटण लावायला बसवलं.

मी चांगलं लिहिलेलं नाही. खरं लिहिलं आहे. पुढचं तुझं नशीब आणि त्या दाईचं डोकं.

आशीर्वाद नेहमीचेच, या खेपेला जरा घट्ट.

सासूबाई


(लिफाफ्यातले पत्र)

घरमालकीणबाईंना,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. माझी सून माझ्या घरात कशी राहिली, ते तुम्ही विचारलं आहे. सासूने सुनेबद्दल चांगलं लिहिलं तर कुणी विश्वास ठेवत नाही आणि मला त्याची सवयही नाही. मी कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. चूक दिसली की खडूने खूण करायची. खूण नसेल तो कपडा काही न बोलता पुढे जातो. चांगल्या मालावर चांगला आहे असं कुणी लिहीत नाही. म्हणून आधी खुणा सांगते.

ती तापट आहे. रागावली की बोलत नाही, भांडी घासते, आणि ते चार घरांना ऐकू जातं. कपाटाचं दार उघडलं की लावत नाही. ड्यूटीवरून आल्यावर तिचा चहा संपेपर्यंत तिला काहीही विचारू नये, घराला आग लागली तरी.

भाड्याबद्दल मला लिहिता येत नाही, घरच्या माणसाकडून कुणी भाडं घेत नाही. वेळेबद्दल लिहिते. आमच्या गावची पहाटेची पहिली बस ती चालवायची, आणि लोक त्या बसवर घड्याळ लावायचे.

स्वच्छतेला तिच्यासारखी बघायला मिळणार नाही. दर रविवारी सगळ्या खोल्यांत बादल्या बादल्या पाणी ओतून घर धुते, पाणी पायऱ्यांवरून अंगणात जाईपर्यंत. तुमचंही घर ती असंच ठेवील, ही माझी हमी.

मोडतोड झाली नाही असं म्हणणार नाही. माझ्या लग्नातला काचेचा जग तिच्या हातून फुटला. मी बाहेर गेले होते, मांजरावर ढकलता आलं असतं. मी आले तर ही दारातच तुकडे हातात घेऊन उभी. माझ्या पायातल्या चपला निघायच्या आत तिने सांगून टाकलं. तेव्हापासून घरात जे मोडलं, फुटलं, गळलं, ते मला आधी तिच्या तोंडून कळलं.

मी गुडघा मोडून पडले होते तेव्हा मला आंघोळ हीच घालायची. घालताना डोळे खाली ठेवायची, म्हणजे मला लाज वाटू नये. हे माझ्या लक्षात आलं होतं. तिला कधी बोलले नाही.

बाई, तुम्ही तिला घर दिलंत की माझा मुलगा आणि नात तिकडे जातील आणि या घरात मी एकटी उरेन. हे समजून हे पत्र लिहिते आहे. यावरून काय ते ओळखा.

माल पास.

आपली,
पूर्वीची घरमालकीण


नवं घर!
३० ऑगस्ट

ती. आईंना,
शि. सा. नमस्कार, आणि या वेळी खरोखर साष्टांग, कारण मी जमिनीवर पालथी पडूनच लिहिते आहे. घरात अजून टेबल नाही.

आई, घर मिळालं. काकूंना सांगा, गल्लीला सांगा, हवं तर दवंडी पिटवा!

आता क्रमाने सांगते. दुभाषी म्हणजे एक पोक्त गृहस्थ, आपल्याच भाषेचे. तुमचा टाका त्यांना उसवता येईना, शेवटी दाईबाईंनी कात्री आणली. माझ्या तापटपणापाशी दाईबाईंनी माझ्याकडे बघून मान डोलावली. कपाटाच्या दारापाशी पुन्हा डोलावली. चहाचं वाक्य ऐकून म्हणाल्या की त्यांचंही तसंच आहे. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

तेवढ्यात तुमच्या बादल्या आल्या.

आई, इथली जमीन लाकडाची आहे! पाणी जायला ना उतार, ना मोरी. वर ओतलेली बादली थेट दाईबाईंच्या पलंगावर उतरणार. त्या काठी टेकून उठल्याच. सगळ्या खोल्यांत? दर रविवारी? असं त्यांनी दुभाष्याला तीनतीनदा विचारलं. तो बिचारा म्हणाला की पत्रात तशी हमीच दिली आहे. ठमीची खोली डोळ्यांपुढून वाहून चालली. मी उठून दोन्ही हात जोडले आणि सांगितलं, आमच्याकडे फरशी दगडी, तिला उतार असतो, पाणी ओतणं हे तिथे भूषण आहे. इथे मी ओल्या फडक्याने पुसेन, एक थेंब ओतणार नाही. त्यांनी काठीने जमीन दोनदा ठोकून बघितली. मग म्हणाल्या, पुढे वाचा.

पुढे जग फुटला. तिथे त्यांनी दुभाष्याला थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला लावलं. मग आंघोळीचं आलं. मी खिडकीबाहेर बघत होते, पण दिसत काही नव्हतं. मला वाटायचं, आंघोळीच्या वेळी तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसता म्हणजे तुम्हाला माझा हात आवडत नाही.

संपल्यावर दाईबाईंनी खण उघडला. आत पत्रांचा गठ्ठा. सगळ्यांत एकच, शांत, नीटनेटका, सभ्य. यातल्याच एका सभ्य माणसाने नळ फुटल्यावर पुढे कपाट सरकवलं आणि घर सोडून गेला, भिंत कुजेपर्यंत त्यांना पत्ता नाही. त्या म्हणाल्या, मला कोण शांत आहे ते नको, मोडल्यावर येऊन सांगणारं माणूस हवं. माल पास म्हणजे काय, तेही विचारलं. दुभाष्याने समजावलं. त्यांनी करार पुढे ओढला, तळाशी स्वतःच्या हाताने एक कलम वाढवलं, घरात बादलीने पाणी ओतणार नाही, आणि सही केली.

करार त्याच दिवशी दाखल केला. शिक्का मारून घेतला. आता कुणाच्या बापाला अर्ज रद्द करता यायचा नाही. किल्ली हातात आल्यावर मोकळ्या खोलीत हात पसरून नुसती पडून राहिले. मग उठून सगळ्या कपाटांची दारं लावली.

मी तुमच्यावर रागावलेही आहे. एवढं सगळं पोटात ठेवून आठ वर्षं मला नुसता खडू दाखवलात!

लोभ किती आहे ते आता लेखी आलं आहे, नाकारता येणार नाही.

तुमची,
सून


घर
२० नोव्हेंबर

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

दोघं पोचल्याचं कळलं. ठमी बसमधून उतरलीच नाही, तुझ्यामागच्या सीटवर बसून डेपोपर्यंत गेली, हे ऐकून मी एकटीच मोठ्याने हसले. दाताची डबी वाटेत हरवली नाही ना?

दोघं गेल्यावर रडले. लिहून टाकते, कारण फोनवर तू विचारशील आणि मी नाही म्हणेन. घर इतकं नीट राहायला लागलं की मला त्याचा राग येतो. कपाटाची दारं सगळी लागलेली. भांडी कुणी आपटत नाही. दोन दिवस असे काढले आणि तिसऱ्या दिवशी पदर खोचला.

माडीवरच्या खोल्या भाड्याने दिल्या. दोन मुली आहेत, एक दवाखान्यात नर्स, दुसरी छापखान्यात. त्या आल्या तशी मी खुर्चीत बसून विचारलं, पूर्वीच्या घरमालकाचं पत्र आहे का? दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. म्हटलं, मालकाचं नसेल तर आईचं आणा, आत्याचं आणा, पण खरं आणा. नर्सच्या आत्याने लिहिलं आहे, पोरगी आळशी आहे, उठवल्याशिवाय उठत नाही, पण आजाऱ्याला कधी एकटं टाकत नाही. दुसरीच्या आईने नुसती स्तुती केली होती, ते पत्र मी परत पाठवलं. दुसऱ्यांदा नीट आलं. दोघीही पास.

आता माडीवर पावलं वाजतात. आळशीला मी सकाळी काठीने छत ठोकून उठवते. ही युक्ती तुझ्या दाईबाईंची.

आशीर्वाद घे आणि मुलाला ओटा वर करून देऊ नकोस.

सासूबाई


नवं घर
१६ जानेवारी

ती. आईंना,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

ओटा तसाच आहे आणि तुमचे चिरंजीव वाकताहेत. त्यांनी दाईबाईंचं जुनं शिवणयंत्र चालू करून दिलं, तेव्हापासून त्यांना गल्लीतून कामं येताहेत आणि मला कुणी विचारत नाही. आम्ही स्थिरावलो, आई. रविवारी मी ओल्या फडक्याने जमीन पुसते आणि दाईबाई खालून कान लावून बसतात.

पत्राचं खरं कारण वेगळं. पाहुण्याला एक हंगाम राहायची परवानगी मिळते, मालकिणीची संमती असेल तर. मी संमती मागितली. दाईबाई म्हणाल्या, नियम म्हणजे नियम, तिचंही पत्र आण. मला वाटलं थट्टा आहे. ठमीला वाटली नाही. तिने दार लावून घेऊन लिहिलं, कुणाची मदत घेतली नाही. नक्कल सोबत पाठवते. संमतीचा कागद आणि परवानगीही त्याच लिफाफ्यात आहे.

लोभ लिहून कळवण्यापेक्षा या वेळी घेऊनच या.

तुमची,
सून


दाईआजींना,
नमस्कार.

माझी आजी माझ्याबरोबर मी जन्मल्यापासून राहिली. ती घोरते पण नाही म्हणते. चुका काढते, माझ्या गणितातल्यासुद्धा. तिला फोनवर ऐकू येत नाही, पण मी झोपेत रडले तर ऐकू येतं. आईची आठवण आली की मी स्टॉपवर थांबायचे. आजी लगेच हाक मारायची नाही. आधी लांब उभी राहायची आणि मला बघू द्यायची. मला ते माहीत होतं. मी तिला सांगितलं नाही.

माल पास.

ठमी


घर
१ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

मी कुठे येत नाही असं लिहिलं होतं. ते पत्र फाडून टाक.

ठमीचं पत्र माडीवरच्या मुलींनी मला वाचून दाखवलं, कारण माझ्या चष्म्यावर काहीतरी आलं होतं. त्या दोघी घर सांभाळतील. आळशीने स्वतःहून लवकर उठायचा शब्द दिला आहे. तिकीट काढलं, पिशवी भरली, काकूंना सांगितलं. त्यांनी दवंडी पिटली.

ठमीला दारात उभी कर, खिडकीत नको. आणि दाईबाईंना माझा नमस्कार सांगून कळव की निर्धास्त असा, मी बादली आणत नाही. खडूही इथेच ठेवून येते.

सासूबाई